पन्नास वर्षांची जॅझ बास घ्यावी का? सल्ला हवाय

मंद्र:
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं बास गिटार वाजवतोय, पण आजवर हातात सगळी नवी वाद्यंच आली. आता एक जुनी घ्यायची हुक्की आलीय. एक गृहस्थ फेंडर जॅझ बास विकतायत, १९७४ ची आहे म्हणतात. नेकची (दांड्याची) पट्टी मेपलची, त्यावर काळे चौकोन, मागे चार स्क्रूंची पाटी. मूळ रंग कुणीतरी खरवडून काढलाय, आता नुसतं लाकूड आणि वर पॉलिश. पिकगार्डवर (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर) जी तारेच्या खालच्या बाजूला दोन रिकामी भोकं आहेत, ती कशाची कळेना. तासभर वाजवली आणि खरं सांगायचं तर सोडवत नव्हती.

दुसरा पर्याय म्हणजे 'जेव्ही'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची जपानी फेंडर जॅझ. ती अगदी नीटनेटकी आहे, रंगावर ओरखडा नाही.

काय काय तपासू? रंग काढलेली घ्यावी का? घरून 'आता बास!' हा निकाल आधीच आलाय, तेव्हा तो मुद्दा सोडून बोला.

चारतारी:
आधी नेक, मग नेक आणि वेळ उरला तर बाकीचं. पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकं), पॉट (आवाजाच्या बटणांखालचे भाग), खुंट्या सगळं बदलता येतं. नेक पिळला असेल तर मात्र तुम्ही वाद्य नव्हे, आठवण विकत घेताय.

बास डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि वरच्या टोकाकडून बॉडीकडे दोन्ही कडांवरून नजर टाका. दोन्ही कडांचा बाक सारखा हवा. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली दिसली तर तो पीळ, तिथून नमस्कार करून निघा. नंतर ई तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असली की झालं.

आता ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई. चार स्क्रूंच्या जुन्या नेकमध्ये त्याचा नट बॉडीकडच्या टोकाला असतो, म्हणजे तो फिरवायला नेक काढावा लागतो. (तीन स्क्रू आणि हेडस्टॉकवर (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला) गोळीसारखं टोक हा प्रकार १९७५ च्या सुमारास आला. तुमची त्याआधीची, हे जुळतंय.) विकणाऱ्यासमोरच नेक उतरवा, नट पाव वळसा आवळा, परत लावून बघा. बाक हलला पाहिजे. पन्नास वर्षं आवळून आवळून नट शेवटाला टेकलेला असेल तर पुढचा बाक तुमच्या नशिबी.

नेक बसतो त्या खोबणीत कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला तर दचकू नका. नेकचा कोन जमवायला कारखान्यातसुद्धा असे तुकडे घालत. माझ्या प्रिसिजनमध्ये (ही फेंडरचीच दुसरी बास) काडेपेटीच्या खोक्याचा तुकडा निघाला होता. पातळ लाकडी पट्टी घालून बघितली, मन मानेना, पुन्हा काडेपेटीच ठेवलीय.

सोल्डरबाबा:
ती भोकं बोटं टेकवायच्या ठोकळ्याची. लोक बास अंगठ्याने छेडतील असा लिओ फेंडरचा हिशोब होता, म्हणून बाकीच्या बोटांना आधार खाली. वाजवणारे निघाले बोटांनी वाजवणारे! १९७४ च्या आसपास तो ठोकळा ई तारेच्या वर गेला. म्हणजे भोकं खाली असणं तुमच्या सालाशी सुसंगत आहे. अर्थात पिकगार्ड मूळचं असेल तर.

साल ठरवताना मागच्या पाटीवरच्या क्रमांकावर जाऊ नका. चार स्क्रू काढले की पाटी दुसऱ्या बासवर जाते. पॉट बघा. पाठीवर सात आकडे असतात, उदाहरणार्थ १३७७३४१: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७३ साल, ४१ वा आठवडा. यावरून एवढंच कळतं की बास त्याआधीची नाही. फेंडरने १९६६ चे पॉट इतके घेऊन ठेवले होते की पुढची काही वर्षं तेच लागत राहिले. सोल्डरही बघा. जुनं मळकट, राखी दिसतं. तारेचं टोक चकचकीत दिसलं की समजा कुणाचा तरी हात फिरलाय.

मीटर नसेल तर कानाने तपासा. एकच पिकअप उघडला की गुणगुण येणारच. दोन्ही पूर्ण उघडल्यावर ती मावळली पाहिजे, कारण दुसऱ्याचं वेटोळं आणि चुंबक दोन्ही उलट असतात. मावळली नाही तर एखादा पिकअप बदललाय किंवा नव्याने गुंडाळलाय.

गोल्डटॉप:
जॅझ सोडा, रिकेनबॅकर ४००१ शोधा.

सोल्डरबाबा:
पहिल्या जुन्या वाद्यालाच? तिच्यात दोन ट्रस रॉड. आधी नेक हाताने वाकवून हव्या त्या बाकाला आणायचा, मग नट नुसते टेकवायचे. सवयीने पाना फिरवला की पट्टीच नेकपासून सुटते. शिवाय तारा अडकवायच्या टेलपीसची शेपूट तारांच्या ओढीने वर उचललेली असते. मलाही आवडते, पण पहिली म्हणून नको.

फ्लॅटवाला:
रंग काढलेली आहे म्हणून तर घ्या! संग्राहक मूळ रंगापायी वेडे असतात. रंग गेला की ढोबळ हिशोबाने किंमत निम्म्यावर येते, आणि लाकडाला त्याचा पत्ताही नसतो. सत्तरच्या दशकातला जाड पॉलिएस्टरचा थर गेला म्हणून मला तरी सुतक नाही. मात्र घासणाऱ्याने बॉडीच्या कडा गोल करून टाकल्यात का, नेकची खोबण सैल झालीय का, ते बघा. खोबणीत नेकच्या बाजूने नाणं जात असेल तर मला तो प्रकार आवडत नाही.

नवं मिळतं तसं वाद्य हवं असेल तर नवीनच घ्या. जुन्या वाद्यात आधीच्या माणसाचा हात असतो. प्रसिद्ध बासवादक जेम्स जेमर्सन यांच्या १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा होत्या आणि तुटेपर्यंत ते त्या बदलत नसत. तो बोजड, बुटका सूर त्यातूनच आला. मी चार वर्षं तारा बदललेल्या नाहीत, त्यामागचा आळस निराळा.

एकच सावधगिरी: थकल्या नेकवर जाड फ्लॅट तारांचा संच चढवू नका, त्यांचा ताण बराच असतो.

चारतारी:
रंगाबद्दल सहमत, 'लाकडाला पत्ता नसतो' याबद्दल नाही. माझ्या पहिल्या जुन्या बासवर एका कारागिराने न विचारता रंगासोबत दीड-दोन मिलिमीटर लाकूडही घासलं. बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू पकडेनात. न विचारता म्हणजे मी 'जरा स्वच्छ करा' एवढंच म्हणालो होतो. तेव्हापासून जुनं वाद्य सोपवताना काय करायचं नाही ते आधी कागदावर लिहून देतो.

खालचा_सा:
जेव्हीबद्दल कुणीच बोललं नाही. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झाली, वाद्यं फुजीजेनच्या कारखान्यात बनली, आणि कारागिरी इतकी नेटकी की त्या काळच्या अमेरिकन मालाने मान खाली घालावी. पण मंद्र, या दोघींची तुलनाच होत नाही. जेव्ही जॅझ १९६२ च्या नमुन्यावर आहे. सत्तरच्या दशकात ब्रिजकडचा पिकअप ब्रिजकडे साधारण सेंटिमीटरभर सरकला, म्हणून त्या काळच्या बासचा आवाज जास्त धारदार, ठोक्याला करकरीत. दोन्ही उघडून वाजवलंत की फरक लगेच कळेल. कुठल्या आवाजासाठी निघालात ते आधी ठरवा.

आणि वजन करा. सत्तरच्या दशकातल्या ॲशच्या बॉडीची बास साडेचार-पाच किलो सहज भरते. तासभर बसून वाजवलीत की उभ्याने?

मंद्र:
बसून. पकडलंत.

आज पुन्हा गेलो. घरचा वजनकाटा घेऊन गेलो होतो, गृहस्थ हसले. चार किलो सातशे. नेक उतरवला, पाव वळसा दिला, बाक हलला. पीळ नाही. दोन पॉटवर १३७७३ ने सुरू होणारे आकडे आणि तिसरा कोरा करकरीत. गुणगुण दोन्ही उघडल्यावर मावळली. खोबणीत नाणं शिरलं नाही.

एक खटकलं. जी तारेवर सहाव्या फ्रेटचा सी शार्प लागतो आणि लगेच विरतो. शेजारचे सूर ठणठणीत. फ्रेट घासून दुरुस्त होईल?

सोल्डरबाबा:
फ्रेटला हात लावू नका! तो दोष नव्हे, जातीचा गुण. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान बहुतेक फेंडर बासवर एक मेलेला सूर असतोच. नेकची स्वतःची थरथर त्याच सुराच्या आसपास असते, मग तारेची शक्ती नेक पिऊन टाकतो. हेडस्टॉकला एखादा क्लॅम्प लावून बघा. वजन वाढलं की नेकची थरथर खाली उतरते.

मंद्र:
घेतली. उभ्याने वाजवायला रुंद पट्टाही घेतला.

हेडस्टॉकला सुतारी क्लॅम्प लावला. सी शार्प जिवंत झाला. आता सी मरतो.

फ्लॅटवाला:
अभिनंदन. कमी वापरता तो सूर निवडा आणि क्लॅम्प तिथे ठेवा.