मदत हवी आहे: बंद पडलेल्या प्रसूतिगृहातली जन्मनोंद

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं भावंडं पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात जन्मलो. वाड्याच्या माडीवर आठ-दहा खाटा, बाळंतिणीचा डबा घरूनच यायचा. डॉक्टरीणबाई थकल्या, वाडा पडला, दवाखाना कायमचा बंद झाला. खूप वाईट वाटतं.

धाकट्या बहिणीची 1984 ची जन्मनोंद महापालिकेत सापडत नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची खबर रुग्णालयानेच द्यायची असते, ती राहून गेली असावी. वर्षाहून उशिरा नोंदवायचं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दवाखान्याचा एकही कागद हाती नसताना पुरावा म्हणून काय चाललं? शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड पुरतं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.