अनुभव धागा : इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आणि पहिला प्रोग्राम

रानजाई

काल रात्री भाचीचा फोन. पहिल्या वर्षाला आहे, पायथन सुरू झालंय. "मावशी, पाच आणि सातची बेरीज सत्तावन्न येतेय!" म्हटलं, इनपुटमधून येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं, आधी इंट, म्हणजे पूर्णांक, करून घे. बारा आले आणि तिकडून अशी किंकाळी आली की मला माझं पहिलं वर्ष जसंच्या तसं आठवलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, कॉलेज मराठवाड्यातलं, साल १९९८. बारावीपर्यंत कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. गणित मात्र पक्कं, आणि नेमकं तेच आडवं आलं. सरांनी फळ्यावर एक्स = एक्स + १ लिहिलं. बीजगणितात दोन्हीकडचे एक्स उडतात आणि शून्य बरोबर एक उरतं! हे कसं चालेल? वर्गात सगळे माना डोलावत होते, विचारायचं कोणाला?

लॅबमधल्या मॅडमनी शेवटी शेजारी बसवून घेतलं आणि एफ७ दाबायला शिकवलं. टर्बो सी, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर. त्याच्या निळ्या स्क्रीनवर पट्टी एकेक ओळ पुढे सरकते. कंट्रोल एफ७ करून खालच्या वॉचच्या खिडकीत एक्स लावून ठेवला. एक्स ३ होता. एफ७. ४ झाला. लूप फिरला, म्हणजे त्याच ओळी पुन्हा चालल्या, एफ७, ५. आधी उजवीकडचं काढायचं, मग ते डावीकडच्या नावाखाली ठेवायचं, एवढंच! त्या संध्याकाळी लॅब बंद होईपर्यंत मी नुसतं एफ७ दाबत होते.

पहिल्या कोर्सात प्रोग्राम थोडे असले तरी चालतील, पण प्रत्येक प्रोग्राम पोरांना असा ओळीओळीने चालताना दिसला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तुमचं लिहा. भाषा कुठली, अडलं कुठे, उजेड कधी पडला.

पावशेर

फॅक्टोरियल!!! म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार. ७ पर्यंत सगळं छान. ८ टाकलं की उत्तर उणे २५२१६. अख्खी बॅच प्रोग्राम तपासतेय, प्रोग्राम बरोबर. सर म्हणाले, तुमचा इंट १६ बिटांचा आहे, ३२७६७ च्या पुढे मावत नाही, आता ४०३२० मधून ६५५३६ वजा करा. केलं. तंतोतंत उणे २५२१६. अंगावर काटा आला होता. मग इंटचं लाँग केलं, त्यात मोठा आकडा मावतो, आणि चाललं. आता बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, कुठलाही रकाना बघितला की पहिला प्रश्न तोच, यात मावेल का.

कुंदा_सोलापूर

लॅबबाहेर चपला काढायच्या!! आणि अख्ख्या कॉलेजात एसी फक्त तिथे. उन्हाळ्यात सगळ्यांनाच प्रोग्रामिंगची भयंकर आवड 😄 बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.

अण्णा१९५४

आमच्या वेळी फोर्ट्रान. १९७३. स्क्रीन नाही, कीबोर्ड फक्त कार्ड पंच करायच्या यंत्राला. एका कार्डावर ८० रकाने. पहिले पाच ओळीच्या क्रमांकाला, सहाव्यात खूण केली तर मागचं विधान पुढे चालू, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत खरं विधान. ७३ ते ८० यंत्र वाचत नसे, तिथे कार्डांचे क्रमांक घालायचे. कार्डांचा गठ्ठा कोणाच्या हातून जिन्यावर सुटला की त्या आठ रकान्यांचं मोल कळे. गठ्ठा खिडकीत द्यायचा, छापील उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम राहिला तरी पुन्हा रांग. त्यामुळे कागदावर हाताने चालवून बघितल्याशिवाय कोणी कार्ड पंच करीत नसे. रानजाई, तुमचा एफ७ आम्ही पेन्सिलीने दाबायचो.

आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक. लूपला आय, जे, के वापरायची वहिवाट आमच्या पिढीने तिथूनच उचलली.

रानजाई

अण्णा, हे कुठेतरी सविस्तर लिहा हो. यंत्र कुठे होतं?

अण्णा१९५४

मुंबईत. संध्याकाळी लिहितो, नातवाला शाळेतून आणायचं आहे.

खडीक्रशर

सिव्हिलला कशाला सी, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्राम होता, काही टाका, उत्तर शून्य. नागपूरच्या मे महिन्यातही शून्य! ५ भागिले ९, दोन्ही पूर्णांक, म्हणून भागाकार शून्य आणि पुढचं सगळं शून्य. ५.० लिहिलं की सुटलं.

आज साइटवर सळयांचं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती लागणार याचा तक्ता, मी एक्सेलच्या मॅक्रोवर काढतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. १२ एमएमला ०.८८९. आत एक फॉर, दोन-तीन इफ, बस. स्लॅबचं सगळं स्टील एका बटणावर. गेल्या दिवाळीत सी शिकवणाऱ्या मॅडमना फोन करून सांगितलं, फार खूश झाल्या.

नीलमोहोर

तुम्ही सगळे नशीबवान. आमच्याकडे (कॉलेजचं नाव नको) जर्नल वरच्या वर्षाच्या जर्नलवरून उतरवायचं आणि प्रोग्राम पाठ करायचे. ओरलला एक्स्टर्नल सरांनी एवढंच सांगितलं की हाच ताऱ्यांचा पिरॅमिड उलटा करा. अख्खी बॅच गप्प. अजून राग येतो, मुलं हुशार होती हो.

पावशेर

+१. आमच्या रूमवरच्या एकाची केटी लागली त्यातच, म्हणजे विषय राहिला. चांगला मुलगा, हिय्या सोडला त्याने.

कुंदा_सोलापूर

नीलमोहोर 🫂 आले परत. खडीक्रशर, तुम्ही कराडला होतात का? या मॅडम ओळखीच्या वाटतायत.

खडीक्रशर

हो! २००४ ची बॅच. तुम्ही?

कुंदा_सोलापूर

२००२!! प्रीतिसंगमावरची भेळ आठवतेय का

खडीक्रशर

भेळ आठवते आणि पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या चढत येणारं पाणीसुद्धा. धागा भरकटतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पाऊलवाट

आयआयटी मुंबईत आम्हाला सीएस१०१ ला, म्हणजे प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सला, स्क्रीनवर रेघ काढत चालणारं कासव होतं. रानडे सरांची सिंपलसीपीपी, सी++ शिकायला सोपं जावं म्हणून केलेली. पहिल्याच प्रोग्रामात रिपीट ४, आत फॉरवर्ड १००, राइट ९०, आणि स्क्रीनवर चौकोन. तोच चौकोन दहा-दहा अंशांनी वळवत ३६ वेळा काढला की फूल. लूपच्या आत लूप म्हणजे काय हे व्याख्या ऐकण्याआधी डोळ्यांनी बघितलं. रानजाई म्हणतायत ते हेच.

एफई_चालू

मी आत्ता पहिल्या वर्षाला आहे. एआयला विचारलं की कोड मिळतो, तो चालतोही. पण परीक्षेत कागदावर हाताने लिहायचाय आणि मला सुचतच नाही 😔 तो निळा टर्बो सी आता मिळतो का?

पावशेर

तो १६ बिटवाला आहे, आताच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, डॉसबॉक्स नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. नको त्या भानगडीत पडूस.

रानजाई

पायथनसाठीचं थॉनी हे सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे. प्रोग्राम लिहिला की कंट्रोल एफ५ ने डीबग लाव आणि एफ७ दाबत जा. शेजारी व्हेरिएबल्सची खिडकी उघडी ठेव. पण दाबायच्या आधी प्रत्येक वेळी कागदावर लिही, आता आयची किंमत काय होणार. चुकलं तर तिथेच थांबून बघ का चुकलं. वाईट वाटून घेऊ नकोस, बाळा, हे सगळ्यांना येतं.

एफई_चालू

थँक्यू ताई, आजच करते. तो उलटा पिरॅमिड इथे टाकला तर कोणी तपासेल का? हाताने लिहिलाय.

खडीक्रशर

टाका, कागदाचा फोटो चालेल. आज स्लॅब भरायचाय, रात्री दहानंतर बघतो.