मोठ्यांचा उद्धटपणा कुणी मोजायचा?

आडवाट (धागाकर्ता)

किशोरवयातली मुलं मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, उलट बोलतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. पण त्याच घरांत आणि त्याच वर्गांत मोठी माणसं मुलांशी कशी बोलतात, याचा हिशेब कुणी ठेवतं का?

एक साधा प्रसंग घ्या. घरी चार माणसं आली आहेत. 15 वर्षांची मुलगी बाहेर येते आणि तिच्यासमोरच आई पाहुण्यांना सांगते, "चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्यात ना, तासन् तास आरसा सुटत नाही बाईसाहेबांना." सगळे हसतात. मुलगी तोंड पाडून आत जाते, दार जरा जोरात लागतं. नंतर चर्चा होते ती दाराची. पुटकुळ्यांवरच्या विनोदाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. हेच वाक्य त्या आईने ऑफिसातल्या मैत्रिणीला चारचौघांत ऐकवलं असतं का?

माझी कसोटी एवढीच आहे. जे बोलणं तुम्ही ओळखीच्या मोठ्या माणसाच्या तोंडावर बोलणार नाही, ते 15 वर्षांच्या पोरीला का बोलता? ती पलटून काही करू शकत नाही म्हणूनच ना?

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 मध्ये मुलांच्या नैतिक विचारांवरचं काम प्रसिद्ध केलं. गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ बसून ते विचारायचे, हा नियम कुणी केला, तो बदलता येईल का? लहान मुलं म्हणायची, नियम मोठ्यांनी केलेत, बदलता यायचे नाहीत. दहा-अकरा वर्षांपुढची मुलं सांगायची, सगळे तयार असतील तर बदलू की. यावरून पियाजेंनी आदराचे दोन प्रकार मानले: एकतर्फी आणि परस्पर. पहिल्यात मूल ऐकतं कारण सांगणारा मोठा आहे. दुसऱ्यात ते ऐकतं कारण नियम त्यालाही पटलेला असतो. आपण मात्र दहावीतल्या मुलाकडूनही पहिल्याच प्रकाराची वसुली करत राहतो आणि मग मुलं पाठ फिरली की नियम मोडतात म्हणून कपाळावर हात मारतो.

मुलांना मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. "नाही" म्हणा, दहादा म्हणा. त्या "नाही"ला पाणउताऱ्याची फोडणी कशाला हवी, एवढंच विचारतोय.

जुनाजाणता

लेख वाचायला छान, पण ऑफिसची कसोटी पहिल्याच पायरीवर कोसळते. सहकाऱ्याला मी सकाळी उठवत नाही. तो रात्री वेळेवर घरी पोचला नाही तर मी गॅलरीत फेऱ्या मारत नाही. त्याने काही उपद्व्याप केले तर लोक मला बोल लावत नाहीत. ज्याच्या डोक्यावर जबाबदारी, त्याच्या तोंडी चार जास्तीचे शब्द येणारच.

शिवाय पियाजेंचा दाखला तुमच्यावरच उलटतो. परस्पर आदर बरोबरीच्या मुलांत, आपसात खेळता-भांडताना वाढतो असंच त्यांचं म्हणणं होतं. आईबाप आणि मूल बरोबरीचे नसतात, असूही नयेत.

आणि हे रडगाणं आजचं नाही. सॉक्रेटिससुद्धा सांगून गेला की हल्लीची मुलं ऐषारामी आहेत, उद्धट आहेत, वडीलधारे आले तरी उठून उभी राहत नाहीत.

तिरकी रेघ

सॉक्रेटिसच्या नावावर फिरणारं ते वाक्य सॉक्रेटिसचं नाही. 1907 साली केंब्रिजच्या केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या विद्यार्थ्याचा प्राचीन ग्रीक शिक्षणावरचा प्रबंध छापून आला. त्यात त्याने जुन्या ग्रीक मंडळींच्या तरुणांविषयीच्या तक्रारी स्वतःच्या शब्दांत गोळा केल्या होत्या. त्या पुढे वर्तमानपत्रांतून फिरत फिरत सॉक्रेटिसच्या नावावर जमा झाल्या.

जुनाजाणता

वाक्य कुणाचंही असो, मुद्दा खरा आहे.

तिरकी रेघ

ग्रीक काळापासून प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला उद्धट म्हणत आली असेल, तर प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा वाईट निघत गेली असं तरी माना, नाहीतर तक्रार करणाऱ्यांच्या नजरेत काहीतरी आहे असं माना. पहिलं खरं असतं तर एव्हाना आपण सगळे एकमेकांना चावत फिरत असतो.

फळ्यामागून

मी माध्यमिक शाळेत शिकवते. धागाकर्त्याची कसोटी मला मान्य आहे, पण चित्र अर्धंच रंगवलंय.

मुलंही माणसांना सोलून काढतात. आमच्याकडे एक नवे सर आले होते. बोलताना ते थोडे अडखळायचे. आठवड्याभरात मागच्या बाकांवर त्यांची नक्कल सुरू झाली, पुढच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ मुलांच्या ग्रुपवर. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचे, कारण वळलं की बोलावं लागतं. सांगा, इथे सत्ता कुणाच्या हातात होती? मोठा माणूस म्हणजे बलवान आणि मूल म्हणजे दुबळं, हे गणित वर्गात दर वेळी सुटत नाही.

पण त्याच टोळीतला म्होरक्या जिन्यात एकटा भेटला की "मॅडम, वह्या मी नेऊ का?" विचारतो. यात ढोंग नसतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 13 ते 16 वर्षांची मुलं, विशीच्या आसपासचे तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, काहींना एकट्याने आणि काहींना समवयस्क बघत असताना. बघे असताना मुलांनी जास्त धोके पत्करले, प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. शिक्षकाला हे प्रयोगाशिवायही कळतं: 40 जणांसमोर झापलेला मुलगा तुमच्याशी बोलतच नसतो, तो त्या 40 जणांशी बोलत असतो. त्याला माघार घेता येत नाही. म्हणून वर्गात मी एकच वाक्य बोलते, तेही त्याने काय केलं याबद्दल, तो कसा आहे याबद्दल नाही. बाकीचं तास संपल्यावर, दाराबाहेर. दर वेळी जमतं असं नाही. काही मुलं दाराबाहेरही छताकडे बघत उभी राहतात.

अजून एक. हल्ली पालकसभेत "मॅडम, मेंदूच तयार नसतो हो त्यांचा" हे फार ऐकू येतं. मेंदूच्या पुढच्या भागाची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते हे बरोबर. पण म्हणून त्या नकलेची जबाबदारी मुलावर टाकायचीच नाही? "जाऊ दे, वयच असं आहे" म्हणणं मला चिडण्यापेक्षाही अपमानास्पद वाटतं. चिडणारा निदान त्या मुलाला उत्तर देण्यालायक तरी समजतो. आम्ही त्या म्होरक्याला सरांसमोर बसवलं आणि व्हिडिओ का काढला ते त्याच्याच तोंडून सांगायला लावलं. वडील मध्ये बोलायला लागले, त्यांना थांबवलं. त्या दहा मिनिटांत मी त्याला जेवढा मान दिला तेवढा वर्षभरात दिला नसेल.

दप्तरवाली

मी 16 वर्षांची आहे. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहिते.

नक्कल आणि व्हिडिओ घाणच. त्यावर वाद नाही.

पण "का?" विचारलं की उलट उत्तर कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. बाबा म्हणाले ट्रिपला जायचं नाही. मी विचारलं का. ते म्हणाले, "वर तोंड करून विचारतेस?" मला खरंच कारण हवं होतं. पैसे नसतील तर तसं सांगा, भीती वाटत असेल तर तसं सांगा. दोन्ही मला कळतं.

दुसरं म्हणजे माफी. आम्ही चुकलो की "सॉरी म्हण, नीट म्हण, बघून म्हण." मोठे चुकले की तासाभराने दाराशी येऊन "चल, जेवायला चल" म्हणतात. तेच त्यांचं सॉरी असतं. मी जाते जेवायला. पण तसंच मी केलेलं चालेल का?

दोन लेकरांची आई

दप्तरवाली, कारण द्यायला हवं, पटलं. पण प्रत्येक गोष्टीचं कारण प्रत्येक वेळी देता येत नाही गं. कधी कधी कारण म्हणजे नुसती पोटातली धाकधूक असते. तिला शब्द सापडेपर्यंत ट्रिपची बस निघून गेलेली असते.

मला आदर वगैरे मोठ्या गोष्टींपेक्षा हद्दीचा प्रश्न खरा वाटतो. ज्युडिथ स्मेटाना या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी या वयातल्या घरगुती भांडणांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांना दिसलं ते असं: कुणाला मारू नये, चोरू नये, दारू पिऊन गाडी चालवू नये, अशा बाबतीत आईबापांनी नियम करावेत हे बहुतेक मुलांना मान्य असतं. ठिणगी पडते ती केस, कपडे, खोली, मित्रमैत्रिणी यांवरून. मुलं म्हणतात, हा माझा खासगी मामला. आईबाप म्हणतात, नाही, हा शिस्तीचा किंवा सुरक्षिततेचा प्रश्न.

आता फोनचं सांगा. माझ्या धाकट्याच्या दृष्टीने त्याचे मेसेज म्हणजे त्याची डायरी. माझ्या दृष्टीने ते घराचं उघडं फाटक आहे, कोण येतंय ते मला दिसत नाही. आम्ही दोघंही एकमेकांचा मान ठेवून बोललो तरी भांडण मिटत नाही, कारण ते मानाचं नाहीच. मी फोन बघते, आणि त्याला सांगून बघते. चोरून नाही. धागाकर्त्याच्या कसोटीत हे बसत नसेल तर नसेल.

कलमवाला

कायद्याच्या अंगाने थोडं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात 18 वर्षांखालच्यांना सर्वसाधारणपणे बालक धरलंय. कलम 12 सांगतं की स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय व परिपक्वता पाहून योग्य वजन दिलं जावं. कलम 16 मुलांच्या खासगीपणात आणि पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ करायला मनाई करतं.

दोन्हीकडच्या लोकांनी नीट वाचावं. "मत ऐका" म्हटलंय, "मुलाचंच चालू द्या" म्हटलेलं नाही. आणि मनाई "मनमानी" ढवळाढवळीला आहे, सरसकट नाही. त्यामुळे आधी सांगून, कारण देऊन फोन बघणारी आई आणि रात्री गुपचूप पासवर्ड उघडणारी आई यांना मी एका पारड्यात टाकणार नाही.

रातकिडा

अवांतर: किशोरवयात झोपेचं चक्र पुढे सरकतं, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवायला लागतं, म्हणून रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2014 मध्ये या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी 8:30 च्या आधी भरवू नका अशी शिफारस केली ती यामुळेच. आमच्या घरात याला "आळशी मेला" असं शास्त्रीय नाव आहे.

जुनाजाणता

कलमं घरात आणू नका, घराचं कोर्ट होईल. आपल्या जुन्या सुभाषितात सगळं आलंय: मुलगा 16 वर्षांचा झाला की त्याला मित्रासारखं वागवावं. संपला विषय.

तिरकी रेघ

त्याच सुभाषितात आधीची पाच वर्षं लाड आणि मधली दहा वर्षं मार सांगितलाय. दहा वर्षं मार खाल्लेला मुलगा सोळाव्या वाढदिवसाला सकाळी उठून मित्र होईल?

आडवाट (धागाकर्ता)

जुनाजाणता, बाप आणि मुलगी बरोबरीचे नाहीत हे मान्यच आहे, त्यावरच तर लेख उभा आहे. ज्याच्या हातात शेवटचा शब्द आहे, त्याला टोमणा मारायची गरजच काय? ट्रिप रद्द करायचा अधिकार बाबांकडे होताच, "वर तोंड करून" हे शब्द वगळूनही तो शाबूत राहिला असता. जबाबदारी आहे म्हणून चार शब्द जास्त येतात म्हणता, पण बॉसचा राग घरी काढताना कुठली जबाबदारी असते?

फळ्यामागून, सरांचा प्रसंग वाचून थांबलो. त्या वर्गात मोठ्यांचीच कसोटी लावत बसलो असतो तर सर एकटे पडले असते हे खरं. तरी एक शंका आहे. मुलाला सरांसमोर बसवलंत, पण त्याआधी सरांना विचारलं होतं का, त्यांना तसं बसायचं आहे का?

फळ्यामागून

विचारलं होतं. ते आधी नाही म्हणाले. दोन दिवसांनी स्वतःच आले आणि म्हणाले, घेऊ या, पण मुख्याध्यापक नकोत आणि मुलाच्या मित्रांपैकी कुणी नको. वडील असावेत हा आग्रहही त्यांचाच.

जुनाजाणता

बॉसचा राग काढणाऱ्याची बाजू मी घेतलेली नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. आवाज न चढवता सांगायला शिकावं, इथपर्यंत येतो. पण दप्तरवालीला एक विचारायचंय. आमच्या नातवाच्या खोलीत मी दार वाजवून जातो. तो कानातलं काढतसुद्धा नाही, "हं" म्हणतो आणि बोटं स्क्रीनवर चालूच. एकीकडून दार वाजवायचं आणि दुसरीकडून "हं". याला परस्पर म्हणायचं?

दप्तरवाली

नाही म्हणायचं. कानातलं काढायला पाहिजे त्याने. तुम्ही त्याला सरळ सांगा, "काढ, बोलायचंय." काढेल. पण आजोबा, काढल्यावर पहिला प्रश्न मार्कांचा विचारू नका.

जुनाजाणता

मग काय विचारू?

दप्तरवाली

काय ऐकतोयस ते.