थॅचर म्हणजे शाकारणारा, मग थॅकरे कोण?

भाषांतरवाली: एका इंग्रजी बालकथेचं भाषांतर करतेय. त्यात मिस्टर थॅचर नावाचे म्हातारबुवा आहेत आणि सगळी गंमत अशी की नेमकं यांचंच छप्पर गळतं. थॅचर म्हणजे गवता-पेंढ्याने छप्पर शाकारणारा, हे तिकडच्या पोराला आपोआप कळतं, आपल्या पोरांना काय कळणार. मी 'शाकारे आजोबा' केलं. संपादक म्हणतात शाकारणे कौलांचं असतं, गवताचं नाही, शिवाय आडनावाला हात लावायचा नाही. माझी आजी संगमेश्वरची, ती गवतालासुद्धा शाकारणंच म्हणायची. कोण बरोबर?

खाडीपल्याड: आजी बरोबर. आधी गवत होतं तेव्हा गवताने शाकारायचे, मग नळ्याची कौलं आली, मग मंगळुरी कौलं (बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५चा, आपल्याकडे त्यानंतरच), क्रियापद तेच राहिलं. आमच्या वाडीत आता पत्रे आहेत तरी मे महिन्यात म्हातारे विचारतातच, शाकारून झालं का रे.

वऱ्हाडी_ठसका: आमच्याकडे शाकारणे कोणीच म्हणत नाही हो. कवेलू (म्हणजे कौलं) फेरतात. पुस्तक फक्त रत्नागिरीत विकणार आहात का?

लीड्सकर: इथे यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून दोन पैसे माझे. थॅचर हे दक्षिणेकडचं रूप. मध्य इंग्लंडात तेच थॅकर होतं, यॉर्कशरात थीकर, आणि नॉरफोकात थॅक्स्टर. तो शेवटचा 'स्टर' मुळात बायकांच्या कामाला लागायचा, वेब्स्टर म्हणजे विणकरीण, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, पुढे पुरुषांनाही तीच नावं चिकटली. उत्तरेत 'च'चा 'क' दिसतो तो नॉर्स (व्हायकिंग) लोकांचा परिणाम. संगणकवाल्यांना चार्ल्स थॅकर माहीत असेल, झेरॉक्सच्या आल्टो या संगणकाचा कर्ता, २००९चं ट्युरिंग पारितोषिक. म्हणजे आडनावाने तोही शाकारणाराच.

पेठेतला: आणि ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचरबाई मुळात थॅचर नव्हत्याच, रॉबर्ट्स. ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी, १९५१ला डेनिस थॅचरशी लग्न केलं तेव्हा हे नाव आलं. छपराशी संबंध सासरचा.

मुंबैकर_जुना: फोर्टात थॅकर आणि कंपनी होती, पुस्तकवाले. डॉ. आंबेडकरांचं शूद्रांवरचं पुस्तक १९४६ साली त्यांनीच काढलं. मी कित्येक वर्षं समजत होतो की हे कोणी गुजराती ठक्कर असणार, कारण ठक्करही इंग्रजीत तसंच स्पेलिंग करतात.

भाषांतरवाली: सगळं छान आहे पण शाकारे ठेवू का नको?

पेठेतला: थांबा ताई, मग कादंबरीकार थॅकरे पण छपरातलेच का? आणि आपले ठाकरे?

लीड्सकर: अर्धे छपरातले. थॅकरे हे धंद्यावरून नाही, गावावरून आलेलं. थॅक म्हणजे शाकारायचं गवत आणि दुसरा भाग नॉर्स, त्याचा अर्थ कोपरा. जिथे छपराचं बोरू-गवत उगवतं तो कोपरा. ती थॅक्रे नावाची वस्ती यॉर्कशरात होती, आता फ्यूस्टनच्या तलावाखाली गेली. आमच्या लीड्समध्ये थॅक्रे नावाचं वैद्यकीय संग्रहालय आहे, स्पेलिंगमध्ये एक 'इ' कमी. आणि कादंबरीकार जन्मले कलकत्त्याला, १८११, वडील कंपनी सरकारच्या नोकरीत. उच्चार मात्र थॅकरी, थॅकरे नाही.

पेठेतला: मराठीत थॅकरेच रुळलंय, आता बदलायचं नाही.

मुंबैकर_जुना: प्रबोधनकारांना या कादंबरीकाराचं लेखन आवडायचं म्हणून इंग्रजी स्पेलिंग तसं घेतलं असं सगळीकडे छापून येतं. स्पेलिंग तेवढं साहेबाचं, आडनाव इथलंच. त्याचा छपराशी काडीचा संबंध नाही, ठाकूर-ठक्कुरकडे बघा.

वऱ्हाडी_ठसका: आमच्याकडे ठाकरे ढिगाने आहेत, सगळे स्पेलिंग टी-एच-ए-के-आर-ई करतात, त्यांनी कुठली कादंबरी वाचली नव्हती वाटतं 😄

खाडीपल्याड: राजकारण इथे नको कृपया, मागचा धागा त्यानेच बंद पडला.

व्युत्पत्तीवेडा: उशिरा आलो. जर्मन 'डाख' म्हणजे छप्पर, लॅटिनमध्ये झाकणे म्हणजे 'तेगेरे', त्यातूनच रोमनांचा टोगा आणि इंग्रजीतलं टाइल. त्याच मुळाचं संस्कृतात स्थग्, झाकणे. आपलं स्थगित तिथलंच! आणि स्थग म्हणजे लबाड, झाकून ठेवणारा, त्याचा ठग झाला, तो इंग्रज घेऊन गेले. म्हणजे थॅचर आणि ठग चुलतभाऊ. १९८४-८५च्या संपात थॅचरबाईंशी लढलेल्या खाणकामगारांना हे सांगायला हवं होतं.

पेठेतला: प्रत्येक गोष्ट संस्कृतात नेऊन बांधायची हौस कधी जाणार.

व्युत्पत्तीवेडा: संस्कृतातून इंग्रजी आली असं कुठे म्हटलं? दोघींची पणजी एक म्हटलं. नीट वाचा की राव.

माळरान: एवढे सगळे शब्द काढलेत, छप्परबंद कोणालाच आठवला नाही? थॅचरला तोच तर सरळ मराठी शब्द. छावण्यांसाठी छपरं शाकारणारे लोक, सोलापूर-विजापूरकडे अजून आहेत. इंग्रजांनी त्यांच्यावर नाणी पाडण्याचा शिक्का मारला आणि गुन्हेगार जमात कायद्याखाली गुन्हेगार ठरवलं, १९५२ला सुटले, आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. तिकडे शाकारणाऱ्याचं नाव लावून बाई पंतप्रधान झाल्या, इकडे तेच नाव असलेल्याला पोलीस पाटलाकडे हजेरी.

भाषांतरवाली: हे खरंच डोक्यात नव्हतं आलं. पण मग 'छप्परबंद आजोबा' विनोदी कथेत वापरता येणार नाही.

माळरान: का नाही? म्हातारा प्रेमळ असेल तर उलट वापराच. जातीचं नाव दिसलं की शुद्ध शाकाहारी शब्द शोधायचे हीच आपली खोड.

पेठेतला: तो शब्द फारसी वळणाचा आहे, मुलांसाठी मराठी शब्द का नको?

माळरान: मग जमीन, बाग आणि दुकान पण काढून टाका मुलांच्या पुस्तकांतून.

खाडीपल्याड: 😂 बरं, मूळ मुद्दा सोडून विचारतो, नारळाच्या चुडतांचं विणलेलं छप्पर असतं त्याला तुम्ही लोक झाप म्हणता का? आमच्याकडे झाप म्हणजे नुसती विणलेली चुडतं, आणि बायकोच्या माहेरी म्हणे अख्ख्या खोपटालाच झाप म्हणतात, त्यावरून कालपासून घरात वाजलंय.

वऱ्हाडी_ठसका: आमच्याकडे नारळच नाही, तुमचं चालू द्या.