शेजारी देशांची जंगलं एकाच मापाने मोजावीत का?

गवताळ_माळ (धागाकर्ता)

१९९९च्या नोव्हेंबर-डिसेंबरात भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत नऊ देशांची मंडळी जमली होती. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, चीन आणि मंगोलिया. आशियातल्या शुष्क जंगलांचा कारभार शाश्वत आहे की नाही हे तपासायला त्यांनी ८ निकष आणि ४९ निर्देशक ठरवले. त्याच दशकात युरोपने हेलसिंकीत आणि कॅनडा, रशिया, जपान वगैरे बारा देशांनी माँट्रिअल प्रक्रियेत हेच केलं. माँट्रिअलवाल्यांनी ६७ निर्देशकांपासून सुरुवात करून पुढे ते ५४वर आणले, म्हणजे निदान वापरून तरी बघितले. आपल्या भागात मात्र अजून जो तो आपापला आकडा छापतो.

त्यातून होतं काय? भारताचं वनाच्छादन २१.७६ टक्के (२०२३चा अहवाल), नेपाळचं ४४.७४ (२०१५चा अहवाल), आणि भूतानच्या राज्यघटनेतच लिहिलंय की किमान ६० टक्के भूभाग कायम वनाखाली राहील. हे आकडे शेजारी शेजारी मांडून ‘बघा, शिका’ म्हणणारे संदेश आपण सगळ्यांनी वाचलेत. पण आपला वन सर्वेक्षण विभाग एक हेक्टरहून मोठ्या जागेत झाडांची छाया १० टक्के असली की तिला वनाच्छादन म्हणतो, मालकी आणि जात कुठलीही असो. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग त्यात, नारळाची वाडीसुद्धा त्यात. नेपाळ अर्धा हेक्टर आणि पाच मीटर उंचीची अट लावतं, आणि त्याच्या ४४.७४ मध्ये ४.३८ टक्के नुसती झुडपी जमीन आहे. जागतिक अन्न व कृषी संघटना फळबागा धरतच नाही. अशा आकड्यांची तुलना करण्यात काय हशील?

माझी खरी तक्रार पुढे आहे. १९८८च्या पुरानंतर थायलंडने जानेवारी १९८९मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली. त्याच सुमारास म्यानमारच्या लष्करी राजवटीने सीमेलगतची सागाची जंगलं थाई कंपन्यांना तोडायला दिली. १९९८च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलं तोडणं थांबवलं आणि बाहेरून लाकूड आणणं वाढवलं. आपल्याकडे १२ डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन आदेशाने बेबंद तोडीला लगाम बसला, तो चांगलाच झाला, पण त्यानंतर उष्ण कटिबंधातले ओंडके विकत घेणाऱ्यांत आपण जगात वरच्या नंबरात आहोत. बंदी थायलंडच्या खात्यात जमा, तोड म्यानमारच्या खात्यात नावे, आणि दोन्ही वह्या वेगळ्या.

म्हणून म्हणतो, व्याख्या एक करा, बागा वेगळ्या दाखवा, आणि प्रत्येक देशाच्या वन अहवालात ‘आम्ही कुणाच्या जंगलातून किती लाकूड आणलं’ हा रकाना सक्तीचा करा.

मोहफूल

लेख अभ्यासू आहे, पण गाडी उलटीकडून जुंपलीय.

नेपाळचं जंगल निर्देशकांनी वाढलं नाही. १९५७ला तिथे खासगी जंगलं सरकारजमा झाली आणि ‘आता सरकारचं, आपलं नाही’ म्हणून लोकांनी हात झटकले. १९९३च्या कायद्याने जंगलं उपभोक्ता समूहांच्या हाती दिली, आज असे २२ हजारांहून जास्त समूह आहेत. कुठला भारा कधी काढायचा, चराई कधी बंद ठेवायची, दंड किती, हे ते ठरवतात. आमच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती पडायला २०११ उजाडलं, आणि तेसुद्धा केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. ती दोन वर्षं जंगल मोजलेलंच होतं की! अडलं होतं ते सहीच्या अधिकारावर.

आणि ‘शाश्वत’, ‘वैज्ञानिक’ हे शब्द ऐकले की आमचा हात आधी कुऱ्हाड लपवलीय का ते बघायला जातो. नेपाळमध्येच ‘वैज्ञानिक वन व्यवस्थापन’ नावाने तोडीचा कार्यक्रम चालला होता, गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि २०२१मध्ये सरकारला तो गुंडाळावा लागला. कागदोपत्री सगळे निकष त्यात होते.

गवताळ_माळ

मोहफूल, नेपाळची तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथली तरणी पोरं आखातात आणि मलेशियात गेली, डोंगरावरची शेतं पडीक राहिली, त्यावर झाडोरा आला. घरी पैसे आले तसा गॅस आला आणि सरपणही घटलं. अभ्यासक ही कारणंसुद्धा धरतात. समूहांचं श्रेय किती आणि ओस पडलेल्या गावांचं किती, हे न मोजता कसं सांगणार? उद्या ती पोरं परत आली तर जंगल टिकेल का, याचं उत्तरही त्याच मोजणीत आहे.

आरागिरणीवाला

लाकडाच्या धंद्यात आहे, म्हणून दोन शब्द. कुणाला झोंबले तर झोंबू द्या.

धागाकर्ते आयातीचा रकाना असा मांडताहेत जणू तो गुन्ह्यांचा रकाना आहे. साहेब, तुमच्या घराची चौकट कशाची आहे? बाहेरचं लाकूड आलं म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागावरचा ताण कमी झाला. गुजरातेत गांधीधामला उतरणारा सगळा माल चोरीचा नसतो. घाना, पनामा, इक्वेडोरहून येणारा बराचसा साग लागवडीचा असतो, पंधरा-वीस वर्षांत तोडलेला, बारीक आणि फिकट. गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण घेतं. आणि यमुनानगरचं प्लायवूड शेतकऱ्याच्या बांधावरच्या पॉप्लर-निलगिरीवर चालतं, त्यात कुठल्याच देशाचं रान नाही.

तेव्हा नुसते घनमीटर लिहून काय कळणार? लागवडीचं किती आणि रानातलं किती हे विचारा. ते सांगणारा कागद आज आमच्याकडे असतो का? प्रमाणपत्र मिळतं, पण त्याचा खर्च मोठा कारखानदारच सोसू शकतो. आमच्यासारख्या दोन आरा मशीनवाल्याला वाहतूक पास आणि ओंडक्यावरची हातोड्याची निशाणी सांभाळतानाच नाकी नऊ येतात. अजून चार रकाने लावाल तर छोटा माणूस धंदा सोडेल आणि चोरटा माल आहे तिथेच राहील.

खारफुटी

तुम्ही सगळे शुष्क जंगलात अडकलात. सुंदरबन बघा. अंदाजे दहा हजार चौरस किलोमीटरचं एकच जंगल, सहा हजार बांगलादेशात, चार हजार आपल्याकडे. २०११मध्ये दोन्ही देशांनी त्याच्यासाठी सामंजस्य करार केला. वाघ मोजायला दोघेही कॅमेरे लावतात, आपल्याकडचे १०१ (२०२२), त्यांच्याकडचे १२५ (२०२४). इथवर एकाच मापाची कल्पना झकास वाटते.

पण ज्या झाडावरून त्या जंगलाला नाव मिळालं ती सुंदरी बांगलादेशात शेंड्याकडून वाळत येते. तिला गोडं पाणी लागतं. कारणं एकाहून जास्त आहेत, पण १९७५ला फरक्का बंधारा सुरू झाल्यापासून कोरड्या दिवसांत खाली जाणारं पाणी घटलं आणि खारटपणा वर सरकला, हा त्यात मोठा भाग. आता ही सुंदरी कुठल्या देशाच्या निर्देशकात घालायची? बांगलादेशचं वनखाते तिला सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलं तरी वाचवू शकत नाही. गंगा पाणीवाटपाचा १९९६चा करार तीस वर्षांचा आहे, डिसेंबर २०२६ला संपतो. त्या टेबलावर वनवाल्यांना खुर्ची मिळाली तर ४९ निर्देशकांपेक्षा जास्त काम होईल. मिळेलसं वाटत नाही.

पिक्सेलपाटील

+१ खारफुटी. मात्र मोजणीला इतकं झोडपू नका. ब्राझील १९८८पासून दरवर्षी ॲमेझॉनची तोड उपग्रहाने मोजतो आणि नकाशे सगळ्यांना खुले ठेवतो. २००४मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर तोड झाली होती, २०१२मध्ये ती ४,५७१वर आली. कुठे, कधी, कुणाच्या जमिनीत तोड झाली हे दिसत होतं म्हणून दंड करता आले, कर्ज अडवता आलं. २०१९मध्ये आकडे न आवडल्याने सरकारने ही मोजणी करणाऱ्या संस्थेच्या संचालकालाच घालवलं, तरी आकडे लपले नाहीत.

आपला अहवाल सांगतो की २०२१ ते २०२३ वनाच्छादन १५६ चौरस किलोमीटरने वाढलं. ही वजाबाकीनंतरची शिल्लक आहे. जुनं रान किती गेलं आणि लागवड किती आली, हे त्यातून दिसत नाही. नऊ देशांची एकच व्याख्या व्हायची तेव्हा होवो, प्रत्येकाने नकाशे उघडे टाकावेत. मग ज्याला जी व्याख्या लावायची ती लावू दे.

मोहफूल

पाटील, उघडा नकाशा कुणाच्या लॅपटॉपवर उघडतो? बांबूला फुलोरा आला की सगळं बेट एकदम वाळतं. वरून बघणाऱ्याला ती तोड दिसणार. खाली ग्रामसभेला माहीत असतं की बी पडलंय, चार पावसाळे गुरं आवरली की नवे कोंब उभे राहतील. नकाशा बघून नोटीस येते ती ग्रामसभेला. खाणीला किंवा रस्त्याला जंगल द्यायचं असतं तेव्हा मात्र त्याच नकाशावर ते ‘विरळ’ ठरतं. आकड्याच्या शेजारी ग्रामसभेचा शेरा आणि सही घ्यायचा नियम करा, मग बोलू. नेपाळच्या समूहालाही तोच हक्क द्या.

गवताळ_माळ

ग्रामसभेचा शेरा मला मान्य, तो नववा निकष म्हणून घाला हवं तर. पण सीमेपलीकडच्या ओंडक्यावर मेंढा-लेखाची ग्रामसभा काय शेरा मारणार? तो रकाना देशालाच भरावा लागेल. आरागिरणीवाले, लागवडीचं आणि रानातलं वेगळं दाखवायला माझी हरकत नाही. मात्र ‘कागद नाही म्हणून विचारू नका’ हे चालणार नाही.

आरागिरणीवाला

विचारा की, कोण नको म्हणतो. आणि कागद अगदीच नाही असंही नाही. वाणिज्य मंत्रालय दर महिन्याला देशवार आयात जाहीर करतं, लाकूड सीमाशुल्काच्या यादीत ४४व्या प्रकरणात असतं. वन अहवालवाल्यांनी ते पान उघडलं तरी तुमचा अर्धा रकाना भरेल.

फक्त एक सांगून ठेवतो. एप्रिल २०१४पासून म्यानमारने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. मग आपल्याच काही लोकांनी तिकडे गिरण्या टाकल्या आणि चिरलेला माल व व्हिनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) येऊ लागलं. नुसते ओंडके मोजाल, ४४०३ म्हणतात आमच्यात, तर त्या वर्षापासून म्यानमारची तोड थांबली असंच तुमच्या अहवालात लिहाल. ४४०७ (चिरलेलं लाकूड) आणि ४४०८ (व्हिनियर) सुद्धा बघा.