रोज बायबल वाचतो, पण वागण्यात फरक का पडत नाही?

वास्कोचा वाचक:
नमस्कार. घरी मराठी पवित्र शास्त्र आहे. उत्पत्तीपासून सुरुवात केली की निर्गमाच्या शेवटी निवासमंडपाच्या (देवासाठी उभारलेल्या तंबूच्या) मापांत गाडी रुतते, त्यापुढचं लेवीय, अर्पणांचं आणि नियमांचं पुस्तक, तर ओलांडताच येत नाही. म्हणून हल्ली सकाळी जे पान उघडेल ते वाचतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कामावर पोचेपर्यंत काय वाचलं ते विसरतो आणि जिभेवर ताबा राहत नाही. त्यात आखातात नोकरीची संधी आली आहे. यिर्मया २९:११ दोनदा समोर आलं, देवाची योजना हिताची आहे हे वचन. हा देवाचा होकार समजू का? सकाळी वीस मिनिटं मिळतात.

फोंडेकर:
आधी यिर्मया. ते वचन एका पत्रातलं आहे. बाबेलात (बॅबिलोनात) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने यरुशलेमेहून ते पाठवलं. तुम्ही अकरावं वचन वाचलंत, आता दहावं वाचा: सुटकेला ७० वर्षं लागणार आहेत. मग पाच ते सात: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याआधी २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगतो, लोकांना हवं तेच, आणि तो खोटा ठरतो. म्हणजे हे वचन धीर देणारं आहे, पण घाईला मुळीच पाठिंबा देत नाही. व्हिसाचं उत्तर त्यात शोधू नका.

पान उघडून बोट ठेवण्यात धोका हाच, की मनात आधीच ठरलेलं असतं त्याला जुळणारं तेवढंच डोळ्यांत भरतं. निर्णयासाठी लूक १४:२८ घ्या, बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा माणूस. एजंटला किती द्यायचे, कर्ज कुठून, घरी आईवडिलांकडे कोण बघणार, तिथे उपासनेला जाता येईल का, हे कागदावर मांडा. नीतिसूत्रे १५:२२ प्रमाणे तो कागद दोन-तीन जाणत्यांना दाखवा, त्यात एक तरी तुमच्या बेताला विरोध करणारा असावा.

म्हापश्याची अभ्यासक:
वीस मिनिटं भरपूर आहेत. मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या जीवनकथेपासून, सुरू करा, १६च अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, दहा-पंधरा वचनं. दोन मिनिटं शांत बसा, मग तो भाग मोठ्याने वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचताना ओळखीची वाक्यं आपोआप सुटून जातात. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा: कोण कोणाला बोलतंय, याआधी काय घडलं? मग एक वचन चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. शेवटची पाच मिनिटं त्याच शब्दांनी प्रार्थना करा.

फरक पडत नाही त्याचं कारण बहुधा इथे आहे: ठरवलेली गोष्ट मोघम असते. ‘प्रेमाने वागेन’ हे संध्याकाळी तपासता येत नाही. ‘जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या पाठीमागे बोलणार नाही’ हे तपासता येतं. तुमच्या जिभेसाठी मार्क आठवडाभर बाजूला ठेवा आणि सातही दिवस याकोबाच्या पत्रातला ३:१-१२ हा जिभेवरचा भागच वाचा. लगाम, सुकाणू, ठिणगी, ही चित्रं तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐन बोलण्याच्या वेळी आठवू लागतात. रात्री दोन मिनिटं चिठ्ठी काढून बघा आणि चुकलं असेल तर त्या माणसाची माफी मागा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. थकबाकी साठली की वाचनच सुटतं. आणि हो, पावसाळ्यात जेल पेन नको. बायबलचा पातळ कागद ओल धरतो आणि शाई मागच्या पानावर उतरते.

मडगावचा कॅथलिक:
मिस्सेची (कॅथलिक उपासनेची) वाचनं, म्हणजे त्या दिवसासाठी चर्चने नेमलेले बायबलचे भाग, वापरा, निवडीचा प्रश्नच मिटतो. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: मत्तय, मार्क, लूक. योहान मुख्यतः पास्काच्या (ईस्टरच्या) काळात येतो. सामान्य काळात (मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षात) पहिलं वाचन शुभवर्तमानाला जुळवून निवडलेलं असतं, दुसरं मात्र आपल्या क्रमाने चालतं, तिथे ओढूनताणून संबंध लावू नका. मिस्सा कोंकणीत असेल तर शनिवारी रात्री तोच भाग मराठीत वाचून जा, प्रवचन जास्त पोचतं. तुमच्या बायबलात पुस्तकं ६६ (प्रोटेस्टंट प्रत) की ७३ (कॅथलिक प्रत) हेही बघून घ्या. मक्काबी किंवा तोबितचं वाचन आलं तर ६६ पुस्तकांच्या प्रतीत ते सापडणार नाही.

ऐकून मुरवण्याची रीत गोव्याला नवी नाही. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलमधल्या कथांचं ओवीबद्ध काव्य, १६१६ साली राशोलला छापलं गेलं, सुमारे ११ हजार मराठी ओव्या. ते शास्त्राचं भाषांतर नव्हे, पण ओवीच्या तालावर प्रसंग तोंडी राहायचे.

वास्कोचा वाचक:
आभार. याकोब ३ आजपासूनच. लेवीय मग सोडूनच द्यायचा का?

फोंडेकर:
सोडू नका, दार बदला. आधी १९वा अध्याय घ्या: शेताच्या कडा गरिबांसाठी राखणं, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून न ठेवणं, खरी वजनं-मापं, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. मग १६वा, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि लगेच त्याच्या जोडीला इब्री लोकांस पत्राचा ९वा. एवढं झालं की पहिल्या सात अध्यायांतली अर्पणं कशासाठी हे कळायला लागतं.