‘वेअर’ हे क्रियापद चिनीभाषकांना शिकवताना

‘वेअर’ (wear, अंगावर घालणे) या इंग्रजी क्रियापदासाठी चिनीभाषक विद्यार्थ्यांना ‘छ्वान’ हा एकच प्रतिशब्द द्यावा, ही सूचना सोयीची असली तरी मला पटत नाही. सदरा, पायमोजे, बूट यांसाठी मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, ‘छ्वान’ वापरतात. टोपी, चष्मा, घड्याळ, हातमोजे आणि मास्क यांसाठी मात्र ‘ताय’ हे वेगळे क्रियापद लागते. पायमोज्यांना एक आणि हातमोज्यांना दुसरे, अशी विभागणी इंग्रजीत नाही, हे आधी स्पष्ट करावे. इंग्रजीत दाढीलाही ‘वेअर’ चालते, पण चिनीत दाढीला तर यांपैकी एकही चालत नाही. तिथे आपल्या ‘दाढी राखणे’सारखे ‘ल्यू’ येते.

खरी अडचण ‘वेअर’च्या ‘झिजणे’ या दुसऱ्या अर्थाची आहे आणि त्यालाच अधिक वेळ द्यायला हवा. बूट रोज घातले की त्यांचा तळ झिजतो, या क्रमाने दोन्ही अर्थ जोडून दाखवावेत. ‘छ्वान’ला ‘आरपार’ असाही अर्थ असल्याने बुटाचा तळ झिजून भोक पडले की चिनीत ‘मो-छ्वान’ म्हणतात, आणि हे उदाहरण विद्यार्थ्यांना लगेच उमगते. ‘वेअर आउट’ माणसाबद्दल आले की अर्थ ‘थकवून टाकणे’ असा होतो. तो मात्र पूर्ण वाक्यांतूनच शिकवावा.